शब्दचर्चा: हिपहॉपमधला ‘पोझर’ मराठीत कोण?

मिताक्षरा
न्यूयॉर्कच्या हिपहॉपवरच्या एका माहितीपटाचे मराठी सबटायटल्स करते आहे. ब्रॉन्क्समधले साठीचे एक गृहस्थ वू-टँग क्लॅन या रॅप गटाचे टीशर्ट घातलेल्या पोरांकडे बोट दाखवून म्हणतात, हे सगळे ‘पोझर’. मी ‘तोतये’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘नकली चाहते’ केलं. मला पटत नाहीये. टीशर्ट पैसे मोजून घेतलेला आहे, पोरंही खरीच आहेत. खोटा आहे तो त्यांचा आव. दोन शब्दांपलीकडे जागा नाही. सुचवा.

मोडीवाचक
तोतया नाही चालणार. तोतया कुणा एका ठरावीक माणसाच्या नावावर उभा राहतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया ‘मीच भाऊ’ म्हणून आला, म्हणून तो तोतया. टीशर्टवाला पोरगा ‘मीच वू-टँगचा रिझा’ असं कुठे म्हणतोय? ‘बेगडी’ घ्या. बेगड वरून चिकटवलेली असते, आतली वस्तू वेगळी. ‘अस्सल’च्या विरुद्ध नेमका बसतो.

टेपडेक
‘अस्सल’ शब्दावरच माझा आक्षेप आहे. दफ्तरात अस्सल म्हणजे मूळ कागद आणि त्याच्या विरुद्ध नक्कल. हिपहॉप जन्मलं तेच दुसऱ्यांच्या तबकड्यांवर. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉन्क्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्कच्या बहिणीनं पार्टी ठेवली, शाळेच्या नव्या कपड्यांचे पैसे जमवायला. हर्क एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी लावून मधला ढोलाचा तुकडा लांबवत न्यायचा. ते कुणाला खटकलं नाही. खटकायचं ते दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणून म्हणणं. त्याला ‘बाइटिंग’ म्हणत. १९७९ साली शुगरहिल गँगच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात बिग बँक हँकनं ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या ओळी म्हटल्या. त्या ओळींत कॅझचं ‘कॅसानोव्हा फ्लाय’ हे नाव अक्षरं सुटी करून सांगितलेलं होतं, तेही हँकनं तसंच म्हटलं! अभंग चोरावा आणि शेवटचं ‘तुका म्हणे’ काढायचं राहून जावं, तसं.

जात्यावरची
मग ‘बाइटिंग’ला आपल्याकडे शब्द आहेच की. उष्टं! चावलेलं ते उष्टं. ऐकीव गोष्ट चारचौघांत स्वतःची म्हणून सांगणाऱ्याला आमची आत्या म्हणायची, ‘उष्ट्यावर ढेकर देतोय.’

मिताक्षरा
वा, ताई, हे टिपून ठेवते. पण माझा शब्द ‘पोझर’ आहे.

सावंतवाडकर
‘सोंगाडे’ लिहा. अक्षरं तीनच.

टेपडेक
सोंगाची लाज हिपहॉपला नाही, दादा. एमएफ डूम या रॅपरनं त्या नावाची कारकीर्द धातूच्या मुखवट्यामागे राहून केली आणि जाणकार त्याला डोक्यावर घेतात. चिडले ते तो स्वतः न येता मुखवटा घातलेला दुसराच माणूस मंचावर पाठवायला लागला तेव्हा. तो मात्र मोडीवाचकांच्या व्याख्येतला चोख तोतया.

सावंतवाडकर
हे मान्य. दशावतारात राजाचं सोंग घेणारा सकाळी शेतात दिसला तर त्याला कुणी खोटा म्हणत नाही. माझा शब्द मागे घेतो.

नदीपार
मी मराठीत रॅप लिहितो. आमच्यात पोझर कुणी म्हणत नाही. ‘फेक’ म्हणतो, नाहीतर सरळ ‘फेकतोय’. २०१४ ला कुर्ल्याच्या नेझीनं आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, त्यावरच व्हिडिओ शूट केला. २०१९ ला ‘गली बॉय’ सिनेमा आल्यावर ज्यांनी कधी गल्लीतलं नळाचं भांडण पाहिलं नाही, ते आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला गल्लीवर बोलायला लागले. त्यांना बेगडी म्हटलं तर कळणारही नाही. ‘फेक’ कळेल, आणि लागेल.

मोडीवाचक
इंग्रजी ‘फेक’ देवनागरीत लिहिल्यानं मराठी होत नाही.

नदीपार
सर, ‘फेकाफेकी’ माझ्या आजोबांच्या तोंडी होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

मोडीवाचक
ती ‘फेकणे’वरून. ‘तो फेक आहे’ असं आजोबा म्हणाले असते का?

नदीपार
नसते म्हणाले. पण मी म्हणतो, आणि माझी मराठीही मराठीच आहे.

केतकी_पुणे
हा शब्द मला एकदा सोसावा लागलाय. एका कार्यक्रमात वू-टँगचाच टीशर्ट घालून उभी होते. एकानं अडवलं, ‘तीन गाणी सांग.’ मला एक येत होतं. तो मोठ्यानं ‘पोझर’ म्हणाला, बाजूचे हसले. घरी येऊन त्यांचा १९९३ चा पहिला अल्बम लावला, शब्द समोर ठेवून, एकेक ओळ थांबवत. निम्म्या संदर्भांसाठी स्टेटन आयलंडचा नकाशा उघडावा लागला. आज त्या नऊही जणांचे आवाज मला वेगळे ओळखू येतात. त्या संध्याकाळी मी बेगडी नव्हते, फेकतही नव्हते. नुसती हौस होती. ज्यानं अडवलं त्याचीही सुरुवात टीशर्टपासूनच झाली नसेल कशावरून? मिताक्षरा, त्या पोरांना ‘हौशे’ म्हणा.

मिताक्षरा
पण गृहस्थ चिडून बोलतायत. ‘हौशे’त राग उतरत नाही.

जात्यावरची
हौशे, नवशे, गवशे! राग ‘गवशे’त आहे. हौशे हौसेनं येतात, नवशे नवस फेडायला, गवशे काही गवसतंय का बघायला.

सावंतवाडकर
गवशे हा नुसता यमकाला जोडलेला शब्द. ‘भाजीबिजी’तल्या ‘बिजी’सारखा. एकटा वापरलेला मी ऐकला नाही.

जात्यावरची
मी ऐकलाय. आजोबा जत्रेत पितळी भांड्यांचं दुकान लावायचे. पहाटे पालं उठल्यावर मातीत पायानं चाचपत पडलेली नाणी वेचत फिरणाऱ्यांना ते ‘गवशे’ म्हणायचे. माझ्यासमोर.

केतकी_पुणे
मग तर ती पोरं गवशे नाहीतच. त्यांनी उचललं काय?

टेपडेक
नाव उचललं.

मोडीवाचक
ताई, ती जत्रा कोणत्या भागातली? शब्द एकटा आणखी कुठे सापडतो, ते तपासायचंय.