सल्ला हवा: पूर्ण अल्बम ऐकायचा तर कोणाच्या रेटिंगवर जावं? (बजेट महिना २०० रुपये)

प्रतापनगरचा_श्रोता
नमस्कार मंडळी. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे सात-आठ जण जमतात आणि एक इंग्रजी अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकतात. मधे बोलायचं नाही, मोबाइल पालथे. नंतर पोहे. मंडळीत कॉलेजात शिकणारा भाचा आहे, बँकेतून निवृत्त झालेले सासरे आहेत, बाकी सगळे चाळिशीतले. बहुतेकांचे कान हिंदी-मराठीवरच तयार झालेले.

अल्बम निवडायचं काम माझ्याकडे. मागच्या वेळी पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या साइटने १० पैकी १०.० दिलेत म्हणून रेडिओहेड या रॉक बँडचा 'किड ए' लावला. सासरे झोपले. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले, टाकीची मोटर बिघडली का म्हणून. भाचा म्हणतो मास्टरपीस आहे.

तर प्रश्न असा की कोणत्या समीक्षकाचे किंवा साइटचे गुण मानायचे? खर्च महिन्याला २०० च्या वर जायला नको, ऐकायच्या ॲपचे पैसे त्यातच आले. अल्बम ५० मिनिटांच्या आतला हवा. स्पीकर आहे आणि चांगला आहे, त्याबद्दल सल्ला नको.

बर्डीवाला
स्पीकर कोणता आहे पण? साध्या ब्लूटूथवर 'किड ए' लावला तर मोटरच ऐकू येणार. मी टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली, सगळं मिळून साठ हजारांत बसलं. तेव्हापासून रेटिंग बघायची गरज पडली नाही, काहीही लावा, छानच वाजतं.

धरमपेठकर
मेटाक्रिटिक बघा, विषय संपला. वेगवेगळ्या मासिकांची आणि साइट्सची परीक्षणं तिथे १०० पैकी गुणांत बसवतात आणि सरासरी काढतात. ८१ च्या वर गेला म्हणजे सगळीकडून वाहवा. मी स्वतः ८५ च्या खालचं काही लावत नाही. आणि फुकट आहे.

खडूस_कान
साधी सरासरी नाही ती. कोणाच्या मताला जास्त वजन द्यायचं ते मेटाक्रिटिक ठरवतं आणि कोणाला किती दिलं ते सांगत नाही. शिवाय अल्बमला ६१ मिळाले की रंग हिरवा. व्हिडिओ गेमला तोच हिरवा मिळवायला ७५ लागतात. त्यामुळे अल्बमच्या पानावर जिकडे बघाल तिकडे हिरवळ.

दुसरं म्हणजे सरासरीत भांडण दिसत नाही, आणि खरी माहिती भांडणातच असते. कान्ये वेस्टचा २०१० चा 'माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फॅन्टसी' घ्या. मेटाक्रिटिक ९४, पिचफोर्क १०.०, आणि यूट्यूबवरचा समीक्षक अँथनी फँटानो १० पैकी ६ देऊन मोकळा. यातला कोण तुमच्या सासऱ्यांसारखं ऐकतो हे ९४ वरून कसं कळणार?

तर्री_एक्स्ट्रा
अबे, रेटिंग कायले पाहून राहिले तुम्ही लोकं? अजय-अतुल लावा ना भाऊ. 'सैराट'साठी तर अमेरिकेत जाऊन ऑर्केस्ट्रा बसवला त्यांनी. चार गाण्यांत सासरे नाचून राहतील.

खडूस_कान
धाग्यात 'इंग्रजी अल्बम' लिहिलंय. आणि सिनेमाची चार गाणी म्हणजे अल्बम नव्हे.

तर्री_एक्स्ट्रा
मग काय आहे ते, पासबुक? रेडिओहेडनं झोपवलं तर अल्बम आणि आपल्यानं उठवलं तर चार गाणी. वा राजा.

रेशीमबाग_रिटायर्ड
आमच्या वेळी रेटिंग म्हणजे बिनाका गीतमाला. १९५२ ला रेडिओ सिलोनवर सुरू झाली. बुधवारी रात्री अमीन सयानी एकेक पायदान चढत वर जायचे आणि आम्ही वहीत लिहून घ्यायचो. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पत्रं यांवर क्रम लागायचा, समीक्षक नावाचा प्राणी त्यात कुठेच नव्हता. पहिल्या पायदानावरचं गाणं आवडलं नाही तरी पाठ व्हायचंच. १०.० मधलं ते दशांश चिन्ह कशासाठी असतं, कोणी सांगेल का?

मानेवाडा_मृणाल
काका, पिचफोर्कवर ०.० पासून १०.० पर्यंत गुण देतात. म्हणजे ७.८ आणि ७.९ यांतला फरकही त्यांना कळतो असा त्यांचा दावा. मला तो कधी ऐकू आला नाही.

मूळ प्रश्नाला: ऑलम्युझिक ही साइट बघा. तिथले तारे आधी त्या कलाकाराच्याच बाकीच्या कामाशी ताडून दिलेले असतात, सगळ्या जगाशी नाही. त्यामुळे आधी कलाकार ठरवा, जो तुमच्या मंडळींना झेपेल असा, आणि मग त्याचा सर्वांत जास्त तारे मिळालेला अल्बम घ्या. उलट क्रमाने गेलात तर पुन्हा मोटर. गाणी स्वच्छ ऐकू येणारी हवी असतील तर सायमन आणि गारफंकेलचा १९७० चा 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर', चाळीस मिनिटांच्या आत संपतो.

गोकुळपेठ_गिटार
अजून कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. मेटाक्रिटिक म्हणून साइट आहे, सगळ्यांची सरासरी एकाच जागी मिळते.

धरमपेठकर
वरती माझा प्रतिसाद वाचा.

पुण्यात_सध्या
मी मूळचा नागपूरचाच, पण इथे पुण्यात आमचा ग्रुप बराच गंभीर आहे. रोलिंग स्टोन मासिकाची ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी आम्ही क्रमाने ऐकतो. निवडायचा प्रश्नच येत नाही. पोहे वगैरे आम्ही ठेवत नाही, लक्ष विचलित होतं.

सदर_रॉक
पोहे नाहीत म्हणून गंभीर असाल. ५०० ची कोणती यादी? २००३ च्या यादीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० मध्ये मतदार बदलले, तीनशेहून जास्त कलाकार, निर्माते आणि समीक्षक घेतले, तर तोच २४ व्या क्रमांकावर गेला आणि सहाव्यावरचा मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. अल्बममधला एक सूरसुद्धा बदलला नव्हता.

याच मासिकाने लेड झेपेलिनचा पहिला अल्बम १९६९ मध्ये झोडपला होता. १९९१ मध्ये निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला पाचपैकी ३ तारे दिले आणि २०२० च्या यादीत तो सहावा. मी झेपेलिन शाळेत असल्यापासून ऐकतो, मला कोणी तारे दाखवायची गरज पडली नाही.

पुण्यात_सध्या
आम्ही २०२० ची घेतली आहे, अर्थातच.

मानेवाडा_मृणाल
'व्हॉट्स गोइंग ऑन' मात्र खरंच चांगली निवड आहे. ३५-३६ मिनिटं, एका गाण्यातून दुसरं उमलतं, आवाज मऊ. सासरे जागे राहतील.

विनायल_विदर्भ
बर्डीवाल्यांनी टर्नटेबलचा विषय काढला म्हणून, नागपूरकरांनी एलपी मागवायच्या तर दिवाळी ते होळी. ऑनलाइन मागवलेली माझी रेकॉर्ड मे महिन्यात डिलिव्हरीवाल्याने गेटबाहेर उन्हात ठेवली, मी संध्याकाळी घरी आलो. प्लॅस्टिकच शेवटी ते, ४५ डिग्रीत बंद खोक्यात काय होणार? सुई लाटेवरून चालल्यासारखी वरखाली होते. विकणाऱ्याचं म्हणणं, माल आमच्याकडून सरळच निघाला. घरातही आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि पश्चिमेच्या भिंतीला तर अजिबात नको. त्या अल्बमला सगळीकडे पाच तारे होते, हेही सांगतो.

बर्डीवाला
माझ्या खोलीत कूलर आहे.

विनायल_विदर्भ
कूलरची ओल आणि कव्हरवरची बुरशी हा वेगळा धागा होईल.

नाव_नको_सल्ला_घ्या
प्रश्नकर्त्याच्या अटी कोणी वाचल्या का? फुकट आणि नव्या कानांसाठी उपयोगी असं म्हणाल तर रॉबर्ट क्रिस्गाउ. न्यूयॉर्कचा समीक्षक, १९६९ पासून 'कन्झ्यूमर गाइड' लिहितो, चार-पाच ओळींत अल्बम निकालात काढतो आणि शाळेसारखी ए, बी, सी श्रेणी देतो. त्याच्या साइटवर जुनं सगळं खुलं आहे. हेवी मेटल आणि लांबलचक प्रोग्रेसिव्ह रॉक त्याला फारसं पचत नाही, ते धरून चालायचं. एकाच माणसाला सतत वाचण्याचा फायदा हाच, त्याचे रुसवेफुगवे पाठ होतात. मग त्याने 'सी' दिला तरी आपल्याला आवडेल की नाही ते कळतं.

आणि एक. वरचे गुण बघण्याआधी सर्वांत कमी गुण देणाऱ्याचं परीक्षण वाचा. त्याची तक्रार काय आहे? 'व्हायोलिन फार, गोडवा फार, चाली फार सोप्या' असं म्हणत असेल तर तुमच्या हॉलमध्ये तो अल्बम नक्की चालणार. 'किड ए'ला २००० मध्ये मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने पाचपैकी दीड तारा दिला होता. ते त्याच वर्षी बंद पडलं, पण दीड तारा का दिला ते आधी वाचलं असतं तर सासऱ्यांची झोप वाचली असती. म्हणजे, टळली असती.

सदर_रॉक
पिचफोर्कचे गुण तर पिचफोर्कच मानत नाही. २००३ मध्ये गायिका लिझ फेरच्या अल्बमला ०.० दिला, लिहिणाऱ्याने २०१९ मध्ये तिची माफी मागितली. २०२१ मध्ये त्यांनी स्वतःचेच १९ जुने निकाल फिरवले. डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी' ६.४ वरून थेट १० वर. लिझ फेर शून्यावरून ६. आमच्या विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाला इतके वाढले असते तर मी आज इंजिनिअर असतो.

खडूस_कान
मत बदलणं हा गुन्हा आहे का? वीस वर्षांनी कान बदलतात. 'किड ए'चे १०.० मात्र त्यांनी बदललेले नाहीत, आणि बदलूही नयेत. प्रश्नकर्त्याने दिवे बंद करून हेडफोनवर पुन्हा एकदा ऐकावा.

तर्री_एक्स्ट्रा
दिवे बंद केल्यावर तर सगळेच झोपतीन ना बे.

प्रतापनगरचा_श्रोता
सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं, स्पीकरचंही. घरी चर्चा झाली आणि या शनिवारी 'आब्बा गोल्ड' लावायचं ठरलं. सासऱ्यांचा हट्ट आहे, त्यांच्या बँकेतल्या मित्राकडे आब्बाची कॅसेट होती आणि ती सासऱ्यांना कधी ऐकायला मिळाली नाही म्हणे. गुण कोणी किती दिलेत ते मी बघितलेलं नाही. भाचा रुसलाय, म्हणून पुढच्या महिन्याची निवड त्याला देऊन टाकली.

खडूस_कान
ते १९९२ चं संकलन आहे, अल्बम नाही. १९ गाणी आहेत, सव्वा तासाच्या वर जातं. तुमची ५० मिनिटांची अट कुठे गेली?

प्रतापनगरचा_श्रोता
पोहे मधे ठेवू.

तर्री_एक्स्ट्रा
चार गाण्यांचा अल्बम चालत नाही आणि निवडक एकोणीसचा चालते. लिहून ठेवा कोणीतरी.

मानेवाडा_मृणाल
आब्बाच हवा तर १९७६ चा 'अरायव्हल' घ्या, अर्ध्या तासाच्या थोडा वर आहे आणि 'डान्सिंग क्वीन' त्यातच आहे. बघा बाई.

रेशीमबाग_रिटायर्ड
एक श्रोता वाढला तर चालेल का? आब्बा ऐकलेला नाही, पण शनिवारी संध्याकाळी मी मोकळा असतो. मोबाइल मी तसाही पालथाच ठेवतो.

प्रतापनगरचा_श्रोता
या ना काका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

तर्री_एक्स्ट्रा
मलेपण करा व्यनि. तर्री आणतो, पोहे तुमचे.

पुण्यात_सध्या
संकलनं ऐकायची की नाहीत यावर वेगळा धागा काढतोय. गंभीर लोकांनीच यावं.