उन्हाळी वर्दीवरची पदचिन्हं
हुद्दा दाखवायला बाहीवर शिवलेल्या पट्ट्या असताना खांद्यावर सरकवायच्या कापडी फिती कशाला, असं एकानं विचारलंय, तर त्याचं मोठं कारण धुलाई. परभणीच्या मे महिन्यात शर्ट तासाभरात घामानं भिजतो, तो रोज धुवावाच लागतो, आन रोज धुवून कडक इस्त्री केली की शिवलेल्या पट्टीचा रंग उडतो, कडा उसवतात, म्हणून फीत काढायची, शर्ट धुवायला टाकायचा, फीत दुसऱ्या शर्टवर. धातूच्या ताऱ्यापेक्षा कापड बरंच, उन्हात चमकत नाही अन् तापतही नाही, हे मला तर फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सैन्याच्या उन्हाळी कोटावरचा गरुड, म्हंजे त्यांचं छातीवरचं चिन्ह, तोसुद्धा रुपेरी नव्हता, तपकिरी कापडावर फिकट निळसर धाग्यात होता. आपल्या लष्करानं २०२२ ला नवी लढाऊ वर्दी आणली तिचं कापड ७० टक्के सुती, ३० टक्के पॉलिस्टर हाय, त्यामुळं ती लवकर वाळते.