मदत हवी आहे : रंधा मारताना सागवानाचे रेषे उपटतायत

हातरंधा शिकून तीनेक महिने झाले. जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान मिळालं, त्याचा छोटा चौरंग करतोय. (खिळे सगळे उपटले, चुंबक फिरवून पाहिलंय.) फळीचा बाकीचा भाग आरशासारखा होतो, पण गाठीभोवतीच्या वीतभर जागेत रेषे उपटून खड्डे पडतात. तिथे रेषे उलटसुलट फिरलेत, त्यामुळे फळी फिरवून उलट्या बाजूने रंधा मारला की खड्डे फक्त जागा बदलतात!

रंधा साधा लोखंडी, ९ इंची. पात्याला ३० अंशांची धार आहे, हातावरचे केस निघतात, म्हणजे धार बोथट नसावी. कीस अगदी पातळ काढून पाहिला, रंधा तिरका धरूनही पाहिला. थोडा फरक पडला, इतकंच. पात्यावरची पट्टी (चिपब्रेकर, म्हणजे कीस वळवून मोडणारी) मात्र धारेपासून जवळजवळ २ मिमी मागे आहे, तिला अजून हात लावलेला नाही.

फ्लॅटमध्ये काम करतो, त्यामुळे मशीन नको. फळी आधीच १८ मिमीवर आलीय, फार घासता येणार नाही.

ती पट्टी धारेच्या किती जवळ आणू? अर्धा मिमी पुरेल, की त्याहून कमी? की एवढ्या भागापुरती पोलादी पत्र्याची खरवडणीच बरी?