लेकरांचा सण आणि आईची ड्युटी: तुमच्याकडं कसं जमतं?

पोळा झाला की आपल्याकडं सणांची रांग लागते. महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी, आणि पुढं थंडीत शेतातली येळवस. त्यात सोयाबीनची काढणी नेमकी दसरा-दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे गावाकडून कुणी मदतीला येईल ही आशाच सोडायची. मी परभणीत बँकेत आहे, घरी पहिलीतली मुलगी आणि बालवाडीतला मुलगा. रेसिप्या नकोत, त्या ढिगानं मिळतात. दिवसभर बाहेर असणाऱ्या आयांनी लहान लेकरांसाठी सणात काय ठेवलं, काय सोडून दिलं, ते लिहा. बाप्यांनीही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. चकली, शेव, अनारसे बचत गटाच्या बायांकडून घेते. घरी फक्त शंकरपाळ्या, कारण कातण लेकरांच्या हातात देता येतं. चौकोन, तिकोन, काय वाट्टेल ते आकार येतात आणि पाहुण्यांपुढं मी तेच ठेवते.

नांदेड, स्टाफ नर्स
दिवाळीत वॉर्ड रिकामा नसतो, भाजलेली लेकरं तर त्याच दिवसांत येतात. त्यामुळं नाईट कुणाला तरी लागतेच. नरक चतुर्दशीला नाईट आली तर मी सकाळी साडेआठला घरी पोचते, तेव्हा अभ्यंगस्नान. सूर्य उगवायच्या आत झालं पाहिजे, असं जाऊबाईंचं म्हणणं. त्यांचं त्यांना लखलाभ. लेकरं तेल-उटणं लावायला माझी वाट बघत बसतात, आणि कारीट फोडायचा मान धाकट्याचा. एरवी मी काही करत नाही. तख्तस्नानाच्या दिवशी तख्त धुवायला गोदावरीचं पाणी घागरींनी गुरुद्वाऱ्यात नेतात, ते बघायला मात्र ड्युटी बदलून घेते.

लातूर, पंचायत समिती
दिवाळीत मी हात टेकलेत. आमचा खरा सण येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, त्यामुळं रजेचा अर्ज नाही, साहेबांची मनधरणी नाही. बाहेरून बदली होऊन आलेल्यांना पहिल्या वर्षी कळतच नाही, सगळं शहर एकाएकी कुठं गेलं ते. गेलेलं असतं शेतात!

कष्टाचं काम आदल्या रात्रीचं. भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे सोलायचे. ऑफिसातून आले की अंगणात चादर पसरते आणि गल्लीतली सगळी लेकरं शेंगांवर बसवते. निम्मे दाणे पोटात जातात, जाऊ द्या. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील सासूबाई करतात, त्यात मला हात लावू देत नाहीत, आणि मीही कधी आग्रह धरलेला नाही. पहाटे बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, भज्जीला बेसन आणि आंबट चुका. हे सगळं घेऊन दहा वाजेपर्यंत रानात.

कडब्याची कोप करून आत पाच पांडव मांडतात. दगडांना चुना लावायचं काम माझ्या पोरीचं. हातापायाला, फ्रॉकला, सगळीकडं चुना. मग दिवसभर लेकरं झोक्यावर नाहीतर बोरीखाली, मोबाईल कुणी मागत नाही. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन बापे शेताला फेरी मारतात, मागं लेकरांचा कालवा. ज्यांना शेत नाही त्यांनी संकोच करू नका. त्या दिवशी कुणाच्याही रानात जा, जेवल्याशिवाय सोडत नाहीत. माझ्या ऑफिसातली नागपूरची मैत्रीण दरवर्षी दोन लेकरं घेऊन आमच्याकडं येते.

छत्रपती संभाजीनगर, वाळूजला कंपनीत
आमच्या ईदचा घोळ वेगळा. सुट्टी कधीची मागायची ते चाँद ठरवतो. सुपरवायझरला दरवर्षी सांगावं लागतं, "सर, उद्या किंवा परवा." रमजानमध्ये घरी येऊन इफ्तारी करेपर्यंत जीव जातो, त्यामुळं लेकरांची खरेदी रात्रीच. सिटी चौक, शहागंज रात्री उशिरापर्यंत जागं असतं. मुलीला बांगड्या तिथंच हातात भरायच्या असतात, घरी आणलेल्या चालत नाहीत. शीरखुर्म्याचा सुका मेवा अम्मी आधीच कापून डब्यात भरून पाठवते. ईदी द्यायला मी नव्या कोऱ्या दहाच्या नोटा जमवते. लेकरांना रकमेपेक्षा नोट करकरीत लागते.

जालना (बाप्या बोलतोय)
बायको एसटीत वाहक. दिवाळीत जादा गाड्या, म्हणून रजा बंद. लक्ष्मीपूजनाला ती बहुतेक गाडीवरच असते, पूजा मी मांडतो. आमची भाऊबीजही तिच्या साप्ताहिक सुट्टीला होते आणि मेहुणे त्या दिवशी येतात. फराळ मला जमतो. चिवडा तर तिच्यापेक्षा बरा करतो, पण हे तिला दाखवू नका.

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका
माझं नाही, मायचं सांगते. ती ऊसतोडीला जायची. ज्या वर्षी कारखाना लवकर सुरू व्हायचा, त्या वर्षी दिवाळी फडावरच. मुकादमाची उचल फेडायची असायची, सणाचं सामान कुठून आणणार? दिवसभर मोळ्या वाहून आली तरी कोपीपुढं चार हात जागा सारवायची आणि बैलांच्या शेणाच्या गवळणी, म्हणजे छोट्या बाहुल्या, करून आम्हाला त्यांना ज्वारीच्या दाण्याचे डोळे लावायला द्यायची. तेल नसलं तर पणती एकच. आम्ही भावंडं कुणाची गवळण ठेंगणी यावरून भांडायचो. आता मला भाऊबीज भेटीचे दोन हजार मिळतात. त्यातून आधी मायला लुगडं, मग लेकरांचे कपडे. फटाके त्यांच्या बापानं आणायचे.

तुळजापूर, प्रसादाचं दुकान
सणाला आमचं दुकान बंद ठेवून चालतच नाही, गिऱ्हाईक तेव्हाच. दिवाळीतल्या अमावस्येच्या रात्री काळभैरवाकडून भेंडोळी निघते, जळते पलिते घेऊन देवीच्या मंदिरात येतात. तेवढा वेळ गल्ला पुतण्याकडं. पोरं माझ्या खांद्यावर. मग कुणाला भुईचक्र आठवत नाही.

हिंगोली, प्राथमिक शिक्षिका
मला सुट्ट्या असतात, म्हणून सल्ला द्यायला बिचकते. पण एक बोलते. अलीकडं दिवाळीत प्रत्येक शाळा किल्ला करायला लावते. छान आहे, करा. पण आपल्याकडं दारात गवळणी आणि पाडव्याला पांडव होते, ते कशाला सोडायचे? आणि हा किल्ला शेवटी रात्री जागून आईच बांधते, हे शाळेला माहीत नसतं का?

परभणी, मूळ लेखिका
हिंगोलीच्या ताई, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेण कुठून आणायचं?

हिंगोली, प्राथमिक शिक्षिका
दूधवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो पिशवीत आणून देतो. नाहीच मिळालं तर गणपतीची उरलेली शाडू माती चालते. खाली वर्तमानपत्र मात्र अंथरा.