दोमिनिक आ : एकट्याने गाण्याची निवड

वाद्यवृंद परवडत नाही म्हणूनच गायक एकटा मंचावर येतो, असे एक मत मांडले जाते; पण ते फ्रेंच गायक-गीतकार दोमिनिक आ यांना लागू पडत नाही, असे मला मनापासून वाटते. घरच्या घरी, मोजक्या साधनांवर ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा ‘ला फोसेत’ हा अल्बम १९९२ मध्ये फ्रान्समधील नाँत शहरातल्या लिथियम या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला. त्यातील साधा कीबोर्ड आणि संकोचलेला, तरीही ठाम आवाज यांनी पुढच्या अनेक फ्रेंच गीतकारांना धीर दिला. २०१३ मध्ये ‘व्हिक्त्वार द ला म्युझिक’ या फ्रान्समधील वार्षिक संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात ते वर्षातील सर्वोत्तम गायक ठरले. तरीही २०१८ मध्ये, साथीदार सहज मिळत असताना, त्यांनी एक अल्बम साथीदार वादकांसह आणि दुसरा जवळजवळ एकट्याने केला.