फोनवर 'फिफ्टीन'चं 'फिफ्टी' का ऐकू येतं?

द्राक्षपेटी, पिंपळगाव बसवंत
आमच्या एक्स्पोर्ट ऑफिसातली मुलं मराठी माध्यमातली. मेल उत्तम लिहितात, पण युरोपातल्या खरेदीदाराशी फोनवर बोलताना १५ चे ५० होतात आणि 'वाइन' म्हटलं की दारू (wine) की वेल (vine), ते कळत नाही. साहेबी ढब नकोय, पहिल्या वेळी कळलं तरी पुरे. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ
आकड्यांपासून. पैसे तिथेच बुडतात.

'फिफ्टी'त जोर 'फिफ'वर, 'फिफ्टीन'मध्ये 'टीन'वर, हे सगळेच शिकवतात. पण पुढे नाम आलं, 'फिफ्टीन कंटेनर्स', की इथेही जोर 'फिफ'वर सरकतो. मग फरक उरतो लांब ई, शेवटचा न आणि मुख्य म्हणजे ट. आपला ट कोरडा. इंग्रजांच्या 'टीन'मधल्या ट ला ठ सारखी हवा असते. कोरडा ट आला की त्यांचा कान 'टी' धरतो.

कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरा. 'टीन', 'पॅक', 'कार्टन' म्हणताना ती हलली पाहिजे. 'स्टॉक', 'स्पेस'ला नाही हलली तरी चालेल; स नंतर तेही हवा सोडत नाहीत.

तरीही सौद्याचा आकडा सुटा करून सांगाच: 'फिफ्टीन, वन-फाइव्ह'.

सातपूरकर
वेल आणि वाइनचा घोळ आपल्या व मुळे. आपला व दोन्हींच्या मधला, म्हणून ऐकणारा अंदाज बांधतो. वेलीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दोन सेकंद गुणगुण काढा, मग 'आइन'. दारूसाठी दात लांब, ओठ ऊ सारखे गोल: 'ऊआइन', झटकन. द्राक्षमळ्याला मात्र 'वाइनयार्ड' नाही, 'व्हिन्यर्ड'.

आणि द्राक्षाच्या जातीचं नाव 'थॉम्सन' कशाला? 'टॉम्सन सीडलेस' म्हणा. त्या नावात एच मुका आहे.

द्राक्षपेटी
व्हॉइस टायपिंगवर सराव चालेल?

गोदाकाठ
चालेल, पण भाषा 'इंग्लिश, यूके' निवडा. 'इंडिया' ठेवलीत तर फोन आपल्या उच्चारांना सांभाळून घेतो. आणि लांब वाक्यं नकोत, फोन संदर्भावरून शब्द दुरुस्त करतो. सुटे शब्द बोला: थर्टीन, थर्टी, वेलीचा वाइन, दारूचा वाइन. दहापैकी आठदा बरोबर उमटलं की पुढची जोडी.