नाशिकच्या सत्र न्यायालयाची फाशी मुंबईला जाते तेव्हा नेमके काय तपासले जाते?

गोदाकाठ
खुनाच्या खटल्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की बातमीची शेवटची ओळ ठरलेली असते: ‘उच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबानंतर अंमलबजावणी’. विधी सेवेच्या अभ्यासगटासाठी टिपण करतो आहे, त्यात चार ठिकाणी अडलो. आरोपीने अपीलच केले नाही तर? फाइल मुंबईला जाते की औरंगाबाद खंडपीठाकडे? उच्च न्यायालय पुरावा पुन्हा बघते की फक्त शिक्षा? आणि फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली तर ती किती वर्षांची? कलमे नव्या संहितेची द्या, जुनी कंसात.

सत्रखटला
आधी ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द टिपणातून काढा. निकाल खालीच लागला, वरून फक्त सही हवी, असा त्याचा अर्थ निघतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ (जुने ३६६) प्रमाणे फाशी दिली की सत्र न्यायालयाने सगळे कामकाज उच्च न्यायालयाला सादर करायचेच, आणि तिथे शिक्षा कायम होईपर्यंत अंमल करता येत नाही. आरोपीने अपील केले काय, न केले काय, फाइल जातेच. तरी अपील जरूर करावे, कारण कोणते मुद्दे वादात आहेत ते त्यातून लेखी समोर येतात.

मुदतीत लोक हमखास चुकतात. सत्र न्यायालयाच्या इतर शिक्षांविरुद्ध उच्च न्यायालयात यायला ६० दिवस असतात, फाशीविरुद्ध फक्त ३०. निकालाची प्रमाणित प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे, अर्ज न करता (कलम ४०४, जुने ३६३). खासगी वकील नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत जेल अपील पाठवता येते (४२४, जुने ३८३) आणि विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील दाखल असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, उच्च न्यायालयाला फाशी कायम करता येत नाही. आदेशावर किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या लागतात. दोघांचे मत जुळले नाही तर प्रकरण तिसऱ्यांकडे जाते.

नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव, नगर औरंगाबादकडे, म्हणून गोंधळ होतो. आणखी एक व्यवहाराची बाब: राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूरला आहे, त्यामुळे कैद्याला नाशिकरोड कारागृहातून तिकडे हलवतात. वकालतनाम्यावरची सही, नातेवाइकांची भेट, सगळे मग तिथून. कैदी हलवला जाण्याआधी वकालतनामा करून ठेवला तर ३० दिवसांतले बरेच दिवस वाचतात.

निशाणी
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. सुरुवात दोषसिद्धीपासून होते, शिक्षेचा विचार त्यानंतर. कलम ४०९ (३६८) खाली उच्च न्यायालय फाशी कायम करू शकते, दुसरी शिक्षा देऊ शकते, दोषसिद्धी रद्द करू शकते, निर्दोष सोडू शकते किंवा फेरखटला लावू शकते. ४०८ (३६७) खाली जादा पुरावाही घेता येतो. सरकारी वकील आणि बचाव पक्ष दोघेही एखाद्या मुद्द्यावर गप्प बसले तरी न्यायमूर्तींना तो स्वतः तपासावा लागतो.

हे सगळे होते ते कागदावरून, म्हणून पेपरबुकाला, म्हणजे खटल्याच्या कागदांच्या एकत्र संचाला, महत्त्व. साक्षी, पंचनामे, निशाणी पडलेले कागद, आरोपीचे कलम ३५१ (३१३) खालचे जबाब (विरोधातल्या पुराव्याबद्दल न्यायालयाने त्याला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरे) क्रमाने लावलेले असतात. मराठी साक्षीचे इंग्रजी भाषांतर मूळ जबाबाशी ओळीने ओळ ताडून बघा. ‘दिसला’ आणि ‘दिसल्यासारखा वाटला’ यांत ओळखीचा सगळा पुरावा उभा राहतो किंवा पडतो. ३५१ च्या जबाबात जी गोष्ट आरोपीला विचारलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरायला अडचण येते. हे तर हमखास तपासा.

मुद्देमालाची साखळी कशी बघायची ते रक्ताचा डाग असलेल्या शर्टावरून सांगतो. जप्ती पंचनाम्यात शर्टाचे वर्णन आणि डागाची जागा आहे का? पाकिटावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावल्याचा उल्लेख आहे का? मुद्देमाल नोंदवहीत कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने गेला? प्रयोगशाळेत कोणता शिपाई घेऊन गेला आणि त्याची साक्ष झाली का? रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात ‘सील शाबूत’ लिहिले आहे का आणि नमुना सील जुळले का? मधले आठ दिवस शर्ट कुठे होता याचे उत्तर कागदावर नसेल, तर डीएनए जुळल्याचे वजन निम्म्याने उतरते. सीसीटीव्ही आणि मोबाइलच्या नोंदींना प्रमाणपत्र लागते (साक्ष अधिनियम कलम ६३, जुने ६५ ब). सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते बंधनकारक असल्याचे पुन्हा स्पष्ट केले.

दाबलेला एक कागद काय करू शकतो, हे नाशिकनेच पाहिले आहे. २००३ मध्ये पेरूच्या बागेतल्या झोपडीत एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे पुनर्विलोकनात तो निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चार जणांना ओळखले होते, त्यांचा तपास झालाच नाही. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फार उशिरा सिद्ध झाले. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या दिवशी मागा.

कलमवाचक
शिक्षेचे बघू. सर्वोच्च न्यायालयाच्या बचन सिंग (१९८०) निकालापासून कसोटी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ची आहे. गुन्ह्याचे क्रौर्य एकटे पुरत नाही, आरोपी सुधारण्याची शक्यता उरलेली नाही हेही दिसावे लागते, आणि ते दाखवणे सरकार पक्षाचे काम. प्रत्यक्षात दोषी ठरवले त्याच दिवशी दुपारी शिक्षेवर अर्धा तास युक्तिवाद होतो आणि बचावाचे वकील ‘वय कमी आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ एवढे बोलून बसतात. माणसाचा जीव घेण्याचा निर्णय अर्ध्या तासात व्हावा हे मला कधीच पटलेले नाही. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (२०२२) या निकालाने सत्र न्यायालयाच्या पातळीवरच आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल, कौटुंबिक व आर्थिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातले वर्तन नोंदीवर आणायला सांगितले आहे. खाली हे झाले नसेल तर उच्च न्यायालयात पहिल्याच तारखेला अर्ज द्या. अहवाल तयार व्हायला महिने लागतात.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे नव्हे, उरलेले आयुष्य. १४ वर्षे ही सरकारने सूट देण्याआधीची किमान कैद. श्रद्धानंद (२००८) आणि श्रीहरन (२०१५) या निकालांनंतर उच्च न्यायालय फाशीऐवजी २५ किंवा ३० वर्षे, अगर मरेपर्यंत, सूट न देता कैद देऊ शकते. खुनाच्या कलमाखाली हा अधिकार सत्र न्यायालयाला नाही. खालच्या निकालात तसे शब्द आले असतील तर तो अपिलाचा स्वतंत्र मुद्दा होतो.

गोदाकाठ
‘शिक्कामोर्तब’ काढले, आभारी आहे. मृताच्या घरच्यांना या टप्प्यावर काही करता येते का?

सत्रखटला
येते. सरकारी वकिलांना मदत म्हणून स्वतःचा वकील देता येतो आणि लेखी म्हणणे मांडता येते. आरोपी सुटला, कमी गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर त्यांना स्वतंत्र अपील आहे (४१३, जुने ३७२). शिक्षा वाढवून मागण्याचे अपील मात्र सरकारच करते (४१८, जुने ३७७). सुनावणीची तारीख त्यांना कोणी घरी येऊन सांगत नाही. उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा क्रमांक टाकून आदल्या संध्याकाळी बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) बघायचा आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची. फाशी कायम झाली तर पुढे सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन आणि दयेचा अर्ज (कलम ४७२) हे टप्पे राहतातच, तेही त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर दर निकालाला ‘आता संपले’ असे त्यांना वाटते आणि दरवेळी ती जखम नव्याने उघडते.